वाक्याच्या टोकाचा बारीक आकडा

आमच्या वहिनीला राग येत नाही. सगळ्या घराच्या वाटणीचा राग माझ्याकडे आला, तिच्यापर्यंत पोचलाच नसेल. मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसते. नळाला पाणी नाही, पाण्याला वास येतो, मीटर वेड्यासारखा पळतोय, सगळ्याला जबाबदार मी. दिवसभर लोक माझ्यावर तोंडसुख घेतात आणि संध्याकाळी मी ते सगळं घरी आणून वहिनीच्या डोक्यावर ओतते. ती मशीन चालवत ऐकते आणि शेवटी विचारते, ‘झालं का वन्सं? चहा टाकू?’ एरवी ती मला अगं-तुगंच करते, मी शाळेत असताना या घरात आली ना. पण मी फारच तापले की वन्सं म्हणून अहोजाहो सुरू करते. मग मला हसू फुटतं आणि माझा सगळा आव गळून पडतो.

पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. एक मशीन, एक लांब टेबल, इस्त्री आणि दोरीवर टांगलेले लोकांचे कपडे. नवीन काही ती शिवत नाही. अंगाला सैल झालेलं, अंगात न शिरणारं, फाटलेलं, उसवलेलं, बापाचं मुलाला बसवायचं, असलं सगळं तिच्याकडे येतं. गिऱ्हाईक समोर उभं राहून काय हवं ते सांगत असतं आणि वहिनीने तोवर कोट उलटा करून अस्तर बाहेर काढलेलं असतं. शिलाईच्या आत किती माया, म्हणजे जादा कापड, सोडलीय, आधी कुणी उसवून ठेवलंय का, दोरा कसला वापरलाय, हे आधी. एकदा एक बाई चिडल्याच, ‘अहो, जरा समोरून बघा ना, किती सुंदर कोट आहे!’ वहिनी म्हणाली, ‘सुंदर आहेच हो. पण मला तो उघडायचाय.’

माझा दादा, म्हणजे तिचा नवरा, शाळेची बस चालवायचा. मोठ्या आवाजाचा, मोठ्या पोटाचा, आणि घरात एक मिनिट गप्प न बसणारा. वहिनीला तो सारखा टोचायचा, ‘अगं, लग्नाआधी कॉलेज अर्धवट सोडलंस, ते पुरं कर की.’ ती म्हणायची, ‘करीन हो, घाई काय आहे?’ दोघांचं हे लग्नापासून चाललं होतं.

दोन वर्षांपूर्वी दादा गेला. एका संध्याकाळी, घरातच, बघता बघता. रुग्णवाहिका दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. ज्या आजाराने तो गेला त्याचं नाव मी घेणार नाही, माझ्या तोंडून त्या मेल्याला तेवढाही मान नको. आधी काही दिवस दादाची पाठ दुखत होती, एवढंच. आता बस चालवणाऱ्याची पाठ दुखणार नाही तर कुणाची दुखणार? कुणाच्या मनात पालही चुकचुकली नाही.

तेव्हापासून आई वहिनीशी मोजकंच बोलायला लागली. जेवलीस का, दार लावलंस का, संपलं. तिच्या तोंडाकडे बघायचीसुद्धा नाही. दादाचा विषय निघाला की उठून आतल्या खोलीत जायची. माझ्याशी बोलायची, शेजारणींशी बोलायची, दूधवाल्याशी तर हक्काने भांडायची, आणि जी बाई दोन वेळा तिच्या पुढ्यात ताट आणून ठेवते तिच्याशी अबोला. माझ्या डोक्यात तिडीक जायची. एकदा मी बोललेच, ‘तुझा मुलगा गेला तसा तिचा नवरा गेला ना गं?’ आई उठून आत निघून गेली. वहिनी मलाच रागावली. म्हणजे तिच्या परीने रागावली. म्हणाली, ‘त्यांना काही बोलू नकोस. त्यांचं बरोबर आहे.’

काय बरोबर आहे, ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, वहिनीचा नेहमीचा चांगुलपणा.

गेल्या वर्षी वहिनीने कॉलेजात नाव घातलं. सकाळी वर्ग, दुपारी दुकान. वर्गातली मुलं तिच्या निम्म्याहून कमी वयाची. पहिल्या दिवशी सगळी उभी राहिली, त्यांना वाटलं याच आपल्या नव्या बाई. आठवडाभरात ती सगळ्यांची काकू झाली आणि कुणाची पॅन्ट उसवली, कुणाच्या बॅगेची चेन अडकली, की काकू. मी म्हटलं, ‘शिकायला जातेस की फुकटात दुकान चालवायला?’ तर हसली. दादा गेल्यानंतर ती हसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली, म्हणून मी पुढे काही बोलले नाही.

तिथे एक तरुण बाई आहेत, मुलं त्यांना ‘तळटीप बाई’ म्हणतात. या बाईंच्या विषयात प्रत्येकाला एक प्रकल्प करायचा होता, आपल्या आयुष्याशी लागून असलेल्या कुठल्याही गोष्टीवर. बाकीच्या शिक्षकांनी मुलांना सक्त ताकीद दिली होती की इंटरनेटवरच्या ज्ञानकोशाला हात लावायचा नाही. मुलं काय, सगळी तिथूनच उतरवून काढायची आणि शब्द इकडचे तिकडे करायची. तळटीप बाई पहिल्याच तासाला म्हणाल्या, ‘सुरुवात तिथूनच करा. मीही तिथूनच करते, त्यात लपवायचं काय? पण तुमच्या प्रकल्पात तिथलं एकही वाक्य मला नको. वाक्याच्या टोकाला बारीक आकडा असतो ना, तो दाबा. तो खाली नेईल. तिथे ज्याचं नाव दिलंय, ते शोधून काढा आणि स्वतः वाचा. वर सांगितलंय तेच खाली लिहिलंय का, बघा. मग लिहा.’

वहिनीला हे भलतंच आवडलं. घरी येऊन तिने मला सगळं नाटक करून सांगितलं, बाईंच्या आवाजासकट. ‘बघ, म्हणजे कपडा उलटा करून बघायचा. एवढी शिकलेली बाई, पण काम आमचंच!’ मी विचारलं, ‘विषय काय घेतलास?’ तर म्हणाली, ‘शिवणयंत्र.’ मला वाटलं, छान, घरचाच विषय.

एका रविवारी सकाळी तिचा मोबाइल टेबलावर तसाच उघडा पडला होता आणि ती इस्त्री करत होती. शिवणयंत्राचं चित्र असेल म्हणून मी सहज वाकून पाहिलं. वर मोठ्या अक्षरात त्या आजाराचं नाव.

माझं डोकंच फिरलं. ‘हा प्रकल्प करतेस तू? दादाच्या मरणाचा? मार्क मिळवायला दुसरं काही सापडलं नाही?’ बरंच काही बोलले. तोंडाचा पट्टा सुटला की मला आवरत नाही. वहिनीने इस्त्री उभी केली, बटण बंद केलं. वन्सं वगैरे काही म्हणाली नाही. मोबाइल उचलून एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘हे वाच.’

तिथे लिहिलं होतं, पहिल्या लक्षणानंतर लगेच उपचार मिळाले तर बहुतेक रुग्ण वाचतात.

‘तुझा दादा गेला त्याच आठवड्यात मी हे वाचलं,’ ती म्हणाली. ‘मला पाठ आहे ते. रोज वाचते. इथपर्यंत वाचते आणि बंद करते. याच्या पुढचं मी कधी वाचलंच नाही.’

मी टेबलाशी बसले आणि ती पुढे बोलायला लागली.

‘त्या दिवशी दुपारी तो माझ्यापाशी आला होता. इथेच, टेबलाला टेकून उभा राहिला. म्हणाला, पाठीत कसंतरीच होतंय, जरा दाबून देतेस का? माझ्या हातात एक पॅन्ट होती, गिऱ्हाईक यायचं होतं. मी म्हटलं, एवढी संपवते, मग देते. वर म्हटलं, खुर्चीत नीट बसत जा जरा. तो हसला आणि गेला. मग दुसरी पॅन्ट घेतली. मग राहिलंच.’ ती एकसारख्या आवाजात बोलत होती. ‘आईंनी ऐकलं असणार. त्या आतच होत्या. म्हणून त्या माझ्याशी बोलत नाहीत. आणि बरोबरच आहे ना गं. बहुतेक वाचतात, असं लिहिलंय.’

दोन वर्षं ही बाई हे पोटात घेऊन आमच्यासाठी स्वयंपाक करत होती, माझी किरकिर ऐकत होती, चहा टाकू का विचारत होती. मला इतकं रडू आलं की मी तिच्या इस्त्री केलेल्या शर्टातच तोंड खुपसलं. तो शर्ट तिला पुन्हा करावा लागला.

मग मीच म्हटलं, ‘तुझ्या बाई काय म्हणतात? आकडा दाबा म्हणतात ना? मग दाबला का नाहीस?’

‘भीती वाटते,’ ती म्हणाली. ‘खाली आणखी वाईट लिहिलेलं असलं तर?’

तर मी दाबला. वाक्याच्या टोकाला खरंच एक बारीकसा आकडा होता, मुंगीएवढा. त्याने आम्हाला खाली नेलं. तिथे चार-पाच डॉक्टरांची नावं, साल, एका वैद्यकीय मासिकाचं नाव, सगळं इंग्रजीत. त्यावर दाबलं तर मासिकाचं पान उघडलं, पण वरचा एक परिच्छेद दिसायचा आणि पुढचं बंद. मी त्या मासिकाला खिडकीवर शिकलेल्या दोन-चार शिव्या घातल्या. त्याने ते काही उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी बाईंकडे गेली आणि विषय बदलायचाय म्हणून सांगितलं. शिवणयंत्र नको, हा आजार हवा. का हवा, तेही सांगितलं. बाई म्हणाल्या, ‘काकू, मी तुम्हाला हे करा असं सांगणार नाही. पण करणार असाल तर अर्ध्यात सोडू नका. अर्धवट वाचलेलंच जास्त छळतं.’ कॉलेजच्या ग्रंथालयातून त्यांनी तो अख्खा लेख मिळवून दिला. वहिनीने तो कापडाच्या पिशवीत घालून, छातीशी धरून घरी आणला.

पुढचे काही रविवार आम्ही दोघी त्या लांब टेबलाशी बसलो. लोकांचे कोट एका बाजूला सरकवून मध्ये तो लेख. माझं इंग्रजी कार्यालयापुरतं, वहिनीचं शाळेपुरतं, आणि ते लेख लिहिणारे डॉक्टर, त्यांना सोप्या शब्दांचं वावडं असावं. शब्दकोश घेऊन एकेक ओळ उलगडत होतो. मी पहिल्यापासून वाचायला निघाले तर वहिनीने हात धरला. ‘थांब. आधी हे बघ, यांनी माणसं कुठून घेतली. कुणाकुणाला मोजलंय?’ तिने पानं उलटून मधला एक रटाळ भाग काढला, जो मी तरी कधीच वाचला नसता.

तिथे होतं ते. मी वाचलं, शब्दकोश पाहिला, पुन्हा वाचलं. मग मोठ्याने मराठीत सांगितलं, ‘या अभ्यासात फक्त असे रुग्ण घेतले आहेत, जे दुसऱ्या कारणाने आधीच रुग्णालयात दाखल होते आणि तिथे असताना ज्यांना हा त्रास सुरू झाला.’

‘रुग्णालयात?’ वहिनी म्हणाली. ‘म्हणजे खाटेवर? डॉक्टर समोर असताना?’

‘हो.’

‘आणि घरी असलेले?’

मी पुढची ओळ वाचली. घरी त्रास सुरू झालेल्यांना यात धरलेलं नाही, त्यांच्याबद्दल या अभ्यासावरून काही सांगता येणार नाही. डॉक्टरांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं. ज्ञानकोशात लिहिणाऱ्याने ‘रुग्णालयात असलेल्या’ एवढेच शब्द गाळले होते. त्याच्या मते वाक्य सुटसुटीत झालं असेल.

‘म्हणजे तो वाचला असता, असं नाही,’ वहिनी सावकाश म्हणाली.

‘नाही.’

‘आणि वाचला नसता, असंही नाही.’

‘तसंही नाही लिहिलेलं. ठाऊक नाही, असं लिहिलंय.’

ती उठली. एक पॅन्ट घेतली, मशीनवर बसली आणि खालची पट्टी दुमडायला लागली. थोडी शिलाई मारली आणि हात थांबले. मग ती जी रडली, तशी दादाला नेलं त्या दिवशीही रडली नव्हती. मी तिला धरून बसले. मध्येच ती म्हणाली, ‘माझ्यामुळे गेला, असं कुणी लिहिलेलं नाही गं.’ हे तिने किती वेळा म्हटलं, देव जाणे.

बाईंनी तिला तेवढ्यावर सोडलं नाही. म्हणाल्या, एक लेख वाचून आपण डॉक्टर होत नाही, आपण नीट वाचलंय का ते जाणकाराला विचारा. त्यांच्या ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे आम्ही गेलो. त्यांनी लेख वाचला, वहिनीने काढलेली टिपणं वाचली आणि म्हणाल्या, ‘बरोबर वाचलंत तुम्ही. पाठ दुखणारी माणसं माझ्याकडे रोज येतात, बहुतेकांची नुसती पाठच दुखत असते. अशी वेगळी दुखली की दाखवायला यावं, हे मी सगळ्यांना सांगते. पण घरातल्या माणसाने नुसतं ऐकून ते ओळखावं, ही अपेक्षा मी कुणाकडूनच करणार नाही.’ वहिनीने त्यांना लिहून मागितलं. प्रकल्पात लावायला हवं ना.

आता गंमत ऐका. वहिनीला वर्गातल्या एका मुलीने सांगितलं की त्या ज्ञानकोशात कुणालाही बदल करता येतो. झालं! दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, बाईसाहेब बसल्या आणि त्या वाक्यापुढे आपलं वाक्य लिहून मोकळ्या. काय लिहिलं? ‘बायांनो, हे वाक्य वाचून घाबरू नका, मीही घाबरले होते, खाली नीट बघा, ते फक्त रुग्णालयातल्या लोकांबद्दल आहे, तुमच्या हातून काही चुकलेलं नाही.’ अख्ख्या जगाच्या ज्ञानकोशात! मला दाखवलं तेव्हा मी हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी होते.

चहा होईपर्यंत कुणीतरी ते पुसून टाकलं. शेजारी शेरा, ‘ज्ञानकोशाला अनुरूप नाही.’ मग मात्र माझी सटकली. ‘कोण हा शहाणा? एवढी आपलेपणाने लिहिलेली ओळ पुसतो? थांब, मी लिहिते त्याला!’ वहिनीने मोबाइल माझ्या हाताला लागू दिला नाही. म्हणाली, ‘त्याचं बरोबर आहे. ते काय माझं अंगण आहे, गप्पा मारायला?’ मग बाईंना विचारून तिने नीट केलं. गाळलेले शब्द होते तिथे परत घातले. पुढे दुसरं छोटं वाक्य जोडलं, की घरी त्रास झालेल्यांचा या अभ्यासात समावेश नव्हता. आकडा तोच ठेवला. पुढच्या खणात बदलाचं कारण लिहायचं होतं, तिथे लिहिलं, ‘मूळ लेखाप्रमाणे दुरुस्ती.’

ते कुणी पुसलं नाही. पहिले काही दिवस ती उठल्या उठल्या बघायची. तिचं पहिलं वाक्य जास्त चांगलं होतं, असं मला अजूनही वाटतं. पण आता कुठलीतरी दुसरी बाई आपल्या स्वयंपाकघरात उभी राहून ते वाचेल आणि तिला पुढचे शब्दही वाचायला मिळतील, या विचाराने वहिनीला फार बरं वाटलं. ‘तिला दोन वर्षं नको लागायला,’ एवढंच म्हणाली.

राहिला प्रकल्प. तो वर्गात उभं राहून वाचायचा होता. वहिनीने शेवटचं पान त्या दुपारबद्दल लिहिलं होतं, ती पॅन्ट, दादाचं टेबलाला टेकणं, सगळं. मी म्हटलं, छान आहे, वाच. तर म्हणाली, ‘आईंना आधी वाचून दाखवणार.’

‘वेड लागलंय का? ती तोंडावर काहीतरी बोलेल आणि इतकं सगळं करून तू पुन्हा पहिल्या जागी येशील.’

‘येईन तर येईन. पण त्यांचा मुलगा होता तो. त्यांच्यापासून लपवून मी चाळीस पोरांसमोर वाचू? आणि त्यांना मला काय समजायचंय ते सगळं ऐकून समजू दे. अर्धवट ऐकून नको.’

मी किती विनवण्या केल्या. माझ्या जिवाला घोर लागला होता. लेखाने जे मोकळं केलं ते आईच्या एका शब्दाने परत आवळलं जाईल, हे मला दिसत होतं. पण वहिनी ऐकेल तर ना.

रविवारी दुपारी आई दुकानात खिडकीपाशी बसली होती, ऊन पायांवर घेऊन. वहिनी समोर स्टुलावर बसली आणि म्हणाली, ‘आई, मला तुम्हाला काही वाचून दाखवायचंय. त्याच्याबद्दल आहे.’

आई लगेच खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठायला लागली.

‘आई, बसा. आज उठू नका,’ वहिनी म्हणाली. इतक्या वर्षांत ती आईला असं कधी बोलली नव्हती. आई बसली.

वहिनीने पहिल्यापासून वाचलं. ते वाक्य, तो आकडा, तो लेख, कुणाकुणाला मोजलं, कुणाला नाही, डॉक्टरीणबाईंचं म्हणणं. आई खिडकीबाहेर बघत होती, ऐकतेय की नाही तेही कळत नव्हतं. मग शेवटचं पान आलं. त्यातलाही वहिनीने एक शब्द गाळला नाही. एवढी संपवते, मग देते. खुर्चीत नीट बसत जा. सगळं वाचलं. कागद मांडीवर ठेवले आणि म्हणाली, ‘तुम्ही आतून ऐकलं होतं ना, आई? म्हणून बोलत नाही ना माझ्याशी?’

आईने तिच्याकडे बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा, नीट, डोळ्यांत.

‘मी काही नाही ऐकलं,’ ती म्हणाली. ‘मी झोपले होते.’

वहिनीला कळेना. मलाही.

‘सकाळी तो माझ्याकडे आला होता,’ आई म्हणाली. ‘तुझ्याही आधी. म्हणाला, आई, पाठीत काहीतरी वेगळंच होतंय. वेगळंच, असं म्हणाला. मी म्हटलं, पोट कमी कर, पाठ आपोआप थांबेल.’ ती खुर्चीत पुढे सरकली. ‘आईला कळायला नको होतं का गं? मी जन्म दिलेला तो. तुझ्या तोंडाकडे कुठल्या तोंडाने बघू? मला वाटायचं, हिला कळलं की त्याने मला सांगितलं होतं, तर ही मला टाकून जाईल.’

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. एकाच घरात, एकाच छपराखाली, या दोघी दोन वर्षं एकमेकींना घाबरत होत्या आणि मी मध्ये बसून दोघींवर ओरडत होते.

आईने हात लांब करून वहिनीच्या मांडीवरच्या कागदांना बोट लावलं. तिला चष्म्याशिवाय काही दिसत नव्हतं. लहान मुलाने विचारावं तसं तिने विचारलं, ‘तू सगळं वाचलंस ना, बाळा? अगदी खालपर्यंत? त्यात आईबद्दल काही लिहिलंय का? आईने ओळखायला पाहिजे होतं, असं?’

वहिनी स्टुलावरून खाली उतरली, जमिनीवर बसली आणि आईचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

‘नाही, आई,’ ती म्हणाली. ‘मी खालपर्यंत वाचलंय. असं कुठेही लिहिलेलं नाही.’

‘परत एकदा वाच,’ आई म्हणाली.

आणि वहिनीने पहिलं पान वर घेतलं.